दगड हवेत, फिजिक्स नको

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातून एका मुलीचं चार पानी पत्र आलं आहे. यंदा दहावी झाली, मराठी माध्यमातून. भूगोल जीव की प्राण. पूर्वपरीक्षेत भूगोलात ४० पैकी ३७ आणि विज्ञान भाग १ मध्ये ४० पैकी १९. लहानपणापासून दगड गोळा करायचा नाद. पलंगाखाली तीन खोकी भरली आहेत. आजीकडून कोयनेच्या भूकंपाच्या गोष्टी ऐकत ती वाढली आणि आपण भूकंपाचाच अभ्यास करायचा, हे तिनं सातवीतच ठरवलं. शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी सायन्सला भूशास्त्र मिळतं, असं तिला कळलं आहे. पण सायन्स म्हटलं की फिजिक्स आलं, आणि फिजिक्सचं नाव काढलं की तिच्या पोटात गोळा येतो. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला दादा म्हणतो, "दगडांत काय ठेवलंय? बायो घे, मेडिकलची 'नीट' परीक्षा दे. नाहीतर सरळ आर्ट्सला जा आणि काय तो भूगोल कर." बाबा "तुझं तू ठरव" म्हणतात आणि पेपर उघडतात. तिचा प्रश्न एका ओळीचा आहे: फिजिक्स टाळून पृथ्वीचा अभ्यास करता येईल असा रस्ता आहे का?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या प्रश्नासाठी, दुसऱ्यांदा तिसऱ्या पानावरच्या आजीसाठी. तू लिहिलंयस, "आजी सांगते, आधी जमिनीखालून मालट्रक गेल्यासारखी घरघर आली. पणजोबा 'काय गं ते' म्हणेपर्यंत फळीवरची भांडी खाली आली आणि भिंत फाटली."

११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. भूकंप ६.३ रिश्टरच्या आसपासचा, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. आजी तेव्हा दहा वर्षांची होती म्हणतेस. त्या दहा वर्षांच्या मुलीनं पहाटेच्या अंधारात, कुणी न शिकवता, भूकंपशास्त्रातली पहिली नोंद केली होती: आधी आवाज, मग हादरा. भूकंप झाला की खडकातून दोन प्रकारच्या लाटा निघतात. एक पुढे-मागे दाबत जाणारी, ध्वनीसारखी. ती सेकंदाला साधारण ६ किलोमीटर पळते. दुसरी आडवी हलवणारी, दोरी झटकल्यासारखी. ती साडेतीन किलोमीटरच्या आसपास. पहिली पोचते तेव्हा घरघर ऐकू येते, दुसरी पोचते तेव्हा भिंत फाटते. दोघींमधला वेळ म्हणजे "काय गं ते" एवढे तीन शब्द.

आता तुझ्या आवडीचं, म्हणजे अंतर काढायचं, काम करू. एक किलोमीटर कापायला पहिल्या लाटेला १/६ सेकंद लागतो, दुसरीला १/३.५. वजाबाकी कर. ०.१२ सेकंद येतो. म्हणजे दोन लाटांत एका सेकंदाचा फरक पडला, तर भूकंप साधारण ८ किलोमीटरवर झाला. "काय गं ते" म्हणायला एक-दोन सेकंद लागतात. तुझ्या पणजोबांच्या तोंडून त्या पहाटे निघालेलं वाक्य म्हणजे एक ढोबळ मोजपट्टी होती. लहानपणी वीज चमकली की गडगडाट होईपर्यंत अंक मोजायचीस ना? तीन म्हटल्यावर गडगडाट झाला तर वीज एक किलोमीटरवर. हिशोब तोच, फक्त हवेऐवजी कातळ.

हे फिजिक्स होतं. पोटात गोळा आला?

तुला रडवणारं फिजिक्स खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. ४० पैकी १९ हे खरे गुण आहेत आणि "मनापासून अभ्यास कर, सगळं जमेल" असं सांगून मी तुला वाटेला लावणार नाही. पण "मला फिजिक्स जमत नाही" या वाक्यात नेमकं काय जमत नाही, हे एकदा सुटं करून बघ. तूच लिहिलं आहेस की व्याख्या येतात, आकृत्या येतात, "कारणे द्या"चे गुण जात नाहीत; उदाहरणं चुकतात. मी सत्तावीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. उदाहरणं चुकणाऱ्यांच्या वह्यांत मला जे सतत दिसायचं, ते फिजिक्सचं अज्ञान नव्हतंच. सेंटीमीटरचे मीटर करायचे राहिलेले, सूत्राची बाजू बदलताना भागाकाराचा गुणाकार झालेला, दहाचा घात उणे असताना अधिक लिहिलेला. हा सातवी-आठवीच्या गणिताचा कच्चेपणा आहे आणि तो दुरुस्त व्हायला वर्ष लागत नाही. उत्तरपत्रिका घरी असेल तर गेलेल्या २१ गुणांवर लाल पेनानं एकेक अक्षर लिही: एककाची चूक असेल तर 'ए', गणिताची असेल तर 'ग', मुळात कल्पनाच कळली नसेल तर 'क'. 'क' किती निघतात ते बघ. माझी पैज पाचाच्या आत आहे. हरले तर कळव, मी माझं मत बदलेन.

आता तुझ्या प्रश्नाखाली दडलेल्या समजुतीकडे येते. तुला वाटतंय की विज्ञानाच्या वाड्यात पृथ्वी ही एक बाजूची, सावलीची खोली आहे. तिथे फिजिक्स येत नाही. दोष तुझा नाही, आम्ही तसंच शिकवलं. पृथ्वीचं अंतरंग भूगोलाच्या पुस्तकात, लाटा विज्ञानाच्या पुस्तकात, दोन्ही तास वेगळे, दोन्ही बाई वेगळ्या, आणि त्या बाई स्टाफरूममध्ये एकमेकींशी फक्त रजेबद्दल बोलतात. भूगोलात तू पाठ केलंस की पृथ्वीच्या गाभ्याचा बाहेरचा भाग द्रवरूप आहे. हे कुणाला कसं कळलं, ते त्या धड्यानं फारसं सांगितलं नाही. माणसानं आजवर पाडलेलं सगळ्यात खोल छिद्र रशियातल्या कोला इथलं, १२ किलोमीटरच्या थोडं पुढे. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर. म्हणजे आंब्याची सालसुद्धा नीट सोललेली नाही, आणि कोय कशी आहे ते मात्र आपण सांगतो.

ते कळलं आजीच्या त्या दुसऱ्या लाटेमुळे. आडवी हलवणारी लाट द्रवातून जात नाही. कारण पाणी बाजूला ढकललं तर ते परत जागेवर ओढलं जात नाही. मोठा भूकंप झाला की पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला एका मोठ्या पट्ट्यात ही लाट पोचतच नाही. शिवाय पहिली लाट गाभ्यात शिरताना वाकते, दहावीत काचेच्या चिपेतून प्रकाश वाकतो तशीच. १९०६ साली ओल्डहॅम या ब्रिटिश भूशास्त्रज्ञानं लाटांच्या या वागण्यावरून गाभा दाखवला. १९३६ मध्ये इंगे लेमन या डॅनिश बाईंनी त्या गाभ्याच्या आत आणखी एक घट्ट गाभा असल्याचं भूकंपाच्या नोंदी चाळून ओळखलं. त्यांनी खणलं काहीच नाही. अपवर्तनाचा जो धडा तुला रटाळ वाटला, त्याच्या जोरावर एक बाई कागद-पेन्सिल घेऊन पाच हजार किलोमीटर खाली जाऊन आल्या.

आणि तुमचं कोयनेचं धरण? पाण्याच्या वजनानं भूकंप झाला असं गावात म्हणतात. ते अर्धंच आहे. खडकात ताण आधीपासून साठलेला असतो. जुन्या भेगेच्या दोन बाजू घर्षणामुळे एकमेकींना धरून असतात. जलाशयाचं पाणी झिरपत भेगेत उतरलं की आतला दाब वाढतो, दोन बाजूंना एकमेकींवर दाबून धरणारं बल तेवढं कमी पडतं, घर्षण कमी होतं आणि एक दिवस पकड सुटते. घर्षण हा अकरावी फिजिक्समधला दोन-तीन पानांचा विषय. तो शिकायला लोक जगभरातून तुझ्या तालुक्याकडे बघतात, कारण जलाशयामुळे चाळवलेल्या भूकंपांचं इतकं ठळक उदाहरण दुसरं नाही. कराडजवळ हजारमाचीला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची खास यासाठी प्रयोगशाळा आहे. त्यांनी कोयना भागात तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं. सव्वा किलोमीटर काळा कातळ संपल्यावर खाली ग्रॅनाइटच्या जातीचा फार जुना खडक लागला.

इथे माझी एक कबुली. 'उतरत्या पाटावर लाकडी ठोकळा' हे उदाहरण मी सत्तावीस वर्षांत किती वेळा फळ्यावर काढलं असेल, देव जाणे. कोन वाढवत न्या, ठोकळा कधी घसरतो ते सांगा. जुलै २०२१ मध्ये तुमच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आले. मी टीव्हीसमोर बसले होते आणि मला एकदम तो पाट दिसला. पाट म्हणजे डोंगरउतार, ठोकळा म्हणजे वरची माती. पावसानं ती जड होते आणि आतल्या पाण्याच्या दाबानं खालची पकड सुटते. माळीणला २०१४ साली तेच झालं होतं. इतकी वर्षं मी मुलांना ठोकळा शिकवला, एकदाही डोंगर म्हटलं नाही. तुझ्यासारख्या मुलीला फिजिक्स परकं वाटलं, यात माझ्यासारख्यांचा वाटा आहे.

आता रस्त्यांबद्दल. फिजिक्स टाळायचा रस्ता आहे, नाही असं नाही. आर्ट्सला भूगोल घे, पुढे बी.ए., एम.ए., नकाशाशास्त्र, उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास, नियोजन, स्पर्धा परीक्षा. चांगला रस्ता आहे. दादा ज्या सुरात "सरळ आर्ट्सला जा" म्हणतो, तो सूर मला मान्य नाही; आर्ट्स ही हरलेल्यांची धर्मशाळा नाही. तुला माणसं, गावं, शेती, पाऊस, नकाशे यांची ओढ असती तर मी तुला तिकडेच पाठवलं असतं. पण तुझ्या चार पानांत माणूस म्हणजे फक्त आजी. बाकी सगळे दगड आणि भूकंप. भूकंपापर्यंत तो रस्ता जात नाही, हे आत्ताच कळलेलं बरं. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला कळलं तर फार जड जातं.

दादाचा नीटचा रस्ता मी दोन वाक्यांत उरकते. तुला डॉक्टर व्हायचं नाही, तू पत्रात तसा शब्दही लिहिलेला नाहीस. आणि गंमत म्हणजे नीटलाही फिजिक्स आहेच.

राहिला सायन्सचा रस्ता, आणि त्यात मी तुला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हे तीन घट्ट धर असं सांगेन. चौथा विषय भूशास्त्र असावा का? इथे तू दचकशील, पण ते मला तितकं महत्त्वाचं वाटत नाही. भूशास्त्र बोर्डाच्या यादीत आहे, पण शिकवणारी कनिष्ठ महाविद्यालयं मोजकी. बारावीला हा विषय नव्हता म्हणून बी.एस्सी. जिऑलॉजीचं दार बंद होत नाही. तिथे पहिल्या वर्षी खनिजं-खडकांपासूनच सुरुवात करतात. उलट बारावीला गणित-फिजिक्स नव्हतं म्हणून पुढे दारं बंद झालेली मी पाहिली आहेत. तेव्हा क्रम उलटा लाव: आधी पक्के तीन, मग जमलं तर चौथा.

त्या शहरातल्या कॉलेजात नाव घालण्याआधी बाबांना घेऊन एकदा जाऊन ये. माहितीपत्रक वाचू नकोस, प्रयोगशाळा बघ. खडकांचे नमुने कपाटात आहेत की धूळ खात आहेत? नमुन्यांवरचे क्रमांक झिजलेले असतील तर उत्तम, म्हणजे मुलं हाताळतात. गेल्या वर्षी बारावीला भूशास्त्र घेतलेली मुलं किती होती, ते विचार. वर्षातून एकदा तरी मुलांना डोंगरात नेतात का, तेही विचार. शिकवायला पूर्ण वेळ माणूस आहे का, हे कारकुनाला विचार, प्राचार्यांना नको. उत्तरं पटली नाहीत तर गावाजवळच्या कॉलेजात चौथा विषय भूगोल घे, तोही सायन्सला घेता येतो. फक्त एका विषयासाठी सोळाव्या वर्षी वसतिगृहात जाऊन राहणं मला तरी पटत नाही. बोर्डाचे विषयगट मधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी कॉलेजकडून चालू वर्षाची यादी घे.

बाबा गप्प आहेत, त्याचं कारण मला वाटतं नोकरी. तेव्हा हा भाग त्यांना वाचून दाखव. भूशास्त्रात जागा इंजिनिअरिंगइतक्या नाहीत. जो तशा असल्याचं सांगेल त्याचं ऐकू नका. पण काहीच नाही, हेही खरं नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ पासून चालू आहे, आणि त्यासाठी केंद्रीय लोकसेवा आयोग कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट नावाची वेगळी परीक्षा घेतं. त्यात जिऑलॉजिस्ट आणि जिओफिजिसिस्ट अशी दोन वेगळी पदं आहेत. भूकंपाच्या जवळचं दुसरं, आणि ते फिजिक्सवाल्यांनाही खुलं असतं. एम.एस्सी.साठी आयआयटीत जायचं तर जॅम या प्रवेशपरीक्षेत जिऑलॉजीचा स्वतंत्र पेपर आहे. मुंबईच्या आयआयटीत भूविज्ञानाचा विभाग आहे, पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतही आहे. बी.एस्सी.साठी पुण्याचं फर्ग्युसन आणि मुंबईचं सेंट झेवियर्स ही जुनी ठिकाणं. बोगदे खणणाऱ्यांना, धरणं बांधणाऱ्यांना, भूजल शोधणाऱ्यांना ही माणसं लागतात.

भूजलावरून आठवलं. तुमच्याकडेही विहीर खणायच्या आधी पाणाड्याला बोलावत असतील, हातात नारळ नाहीतर उंबराची फांदी घेऊन शेतभर फिरणारा. त्याच शेतात भूशास्त्राचा माणूस चार सळया एका रेषेत ठोकतो. बाहेरच्या दोन सळयांतून वीजप्रवाह सोडतो, आतल्या दोघींमधलं विभवांतर मोजतो आणि भागाकार करतो. कोरड्या घट्ट कातळाचा रोध जास्त, पाणी धरलेल्या मुरमाचा कमी. हा ओहमचा नियम. याच नियमाच्या उदाहरणात तुझे तीन गुण गेले, असं तू लिहिलंयस.

एक अवघड गोष्ट मात्र तुझ्या पत्रात नाही आणि ती तुझ्यापुढे येणार आहे. अकरावीला सायन्स बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकवतात. मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं पहिल्या सहामाहीला आपटतात आणि समजतात की फिजिक्स अवघड आहे. अवघड असते भाषा. तुला त्वरण माहीत आहे, ॲक्सिलरेशन अनोळखी वाटतं. संवेग येतो, मोमेंटम येत नाही. कॉलेज सुरू व्हायच्या आत एका वहीत दोन रकाने कर, नववी-दहावीच्या विज्ञानातले शंभरेक शब्द डावीकडे, त्यांची इंग्रजी भावंडं उजवीकडे. इंग्रजी माध्यमाची दहावीची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात; धडा तोच, चित्रं तीच, म्हणून शब्द शोधायला त्रास नाही. हे मी फक्त तुला सांगत नाही, सायन्सला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माध्यमाच्या मुलाला सांगते. गुणांची भीती वाटणाऱ्यांनी आधी ही वही भरावी, क्लासची फी नंतर.

दुसरी वही दगडांची. तुझ्या तीन खोक्यांत दगड आहेत, पण कुठला कुठे सापडला ते लिहिलं आहेस का? नसेल तर ती अजून नुसती आवड आहे. प्रत्येकाला क्रमांक दे, जागा लिही, तारीख लिही. तुझ्याकडच्या पांढऱ्या, सुईसारख्या स्फटिकांचं वर्णन वाचून ती झिओलाइट या खनिजाच्या कुळातली वाटतात. कुंभार्ली घाटातून चिपळूणला गेलीस तर खिडकीशी बस आणि कापलेल्या डोंगराकडे बघ. काळ्या कातळाच्या आडव्या पायऱ्या दिसतील, एकावर एक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर आहेत ते. मधेच एखादा विटकरी पट्टा दिसला तर तो निरखून बघ. दोन लाव्हांच्या मधल्या काळात हवापाण्यानं जी झीज झाली, तिची ती खूण.

आणि एक प्रयोग, येत्या रविवारी. खोक्यातला मुठीएवढा, बिनछिद्रांचा काळा दगड घे. डिजिटल वजनकाट्यावर तोलून ग्रॅम लिहून ठेव. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्य कर. दगडाला दोरा बांध आणि पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि कडेला टेकणार नाही असा हातानं धर. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटीमीटर दगडाचं आकारमान. का, ते आर्किमिडीजला विचार; तो आठवीत भेटला होता. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भाग. ५८० ग्रॅमच्या दगडाला २०० आले तर घनता २.९. आता दहावीचा पहिला धडा, गुरुत्वाकर्षण, उघड. गुरुत्व त्वरण g, गुरुत्व स्थिरांक G आणि पृथ्वीची त्रिज्या घालून पृथ्वीचं वस्तुमान काढ, आकारमानानं भाग. ग्रॅम आणि घन सेंटीमीटरमध्ये साडेपाच येईल. तुझ्या दगडाच्या जवळजवळ दुप्पट. मग आत काय असलं पाहिजे, ते त्याच पानावर खाली लिही आणि वही दादाला दाखव.

वजनकाटा स्वयंपाकघरातला असेल तर आधी आईला विचार.